आधी सांगणाऱ्या साळवेबाई

शाखेचं शटर खाली ओढायच्या आधी साळवेबाई स्वतः बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहायच्या. डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या, मग चष्मा पुसून पुन्हा डावीकडे. कोणी लगबगीने येताना दिसलं की शिपायाला हातानेच थांब म्हणायच्या. त्या आमच्या शाखेच्या मॅनेजर आणि मी त्यांच्या हाताखालची नवी अधिकारी. खांद्याला पर्स लावून मी आत चडफडत उभी असायचे, कारण मला डोंबिवली गाठायची असायची आणि बाईंना मेली कसली म्हणून घाई नव्हती. "मॅडम, चार वाजून गेले," असं मी एकदा जरा ठसक्यात म्हटलं. "तुझ्या घड्याळात गेले गं," बाई म्हणाल्या, "त्या आजी टिटवाळ्याहून निघाल्या तेव्हा अडीचच वाजले होते." आजींचं काम उरकायला अर्धा तास गेला आणि माझी ठरलेली गाडी चुकली.

आमची शाखा आंबिवली स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर होती. येणारे बहुतेक पेन्शनवाले, आजूबाजूच्या चाळींतले आणि टिटवाळा-खडवलीकडच्या वरच्या गावांतले. शाखा एखाद दिवस बंद राहणार असेल तर बाकीच्या शाखा बारीक टायपातला एक कागद काचेला आतून चिकटवतात आणि मोकळ्या होतात. बाईंना ते चालत नसे. कार्डशीट आणायची, जाड मार्करने आधी 'बंद' हा शब्द लिहायचा, मग वार, तारीख, कारण, आणि शेवटी जवळची दुसरी शाखा कुठली आणि तिथे कसं जायचं तेही. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. आणि हे सगळं लावायचं छातीच्या उंचीवर. "कमरेत वाकलेल्या माणसाने मान कुठवर वर करायची?" असं म्हणून त्यांनी माझी एक छान सरळ रेषेत लावलेली नोटीस काढून खाली लावली होती. मला तेव्हा भयंकर राग आलेला.

नियमांची परिपत्रकं त्या एका पिवळ्या फायलीत ठेवत आणि ती फाईल त्यांना तोंडपाठ होती. वेळ बदलायची तर आधी वरून मंजुरी, मंजुरी आली की लोकांना सूचना, सूचनेची मुदत संपली की मगच बदल. "हा क्रम आपल्या सोयीने फिरवायला ही काय आपल्या घरची खानावळ आहे?" असं त्या विचारायच्या. पाठीमागे आम्ही त्यांना 'सर्क्युलरबाई' म्हणायचो. ते नाव मीच पाडलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

एकदा छताचा मोठा पोपडा काउंटरवर कोसळला आणि शाखा दोन दिवस तातडीने बंद ठेवावी लागली. असल्या बंदची आधी सूचना देणार कशी? बाईंनी फोनवर मंजुरी घेतली, बाहेर कार्डशीट लावली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याची खुर्ची मागून स्वतः शटरपुढे छत्री उघडून बसल्या. दहा ते चार. येईल त्याला सांगायच्या, समजावायच्या, पाणी विचारायच्या. शेजारी स्टुलावर मी, नशिबाला बोल लावत. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "क्या मॅडम, नोकरी गेली की काय?" त्यावर बाई इतक्या हसल्या की छत्री हातातून सुटली.

"तुम्हाला कधी असं बंद दारावरून परत जावं लागलंय का हो?" मी त्यांना त्या दिवशी विचारलं. मला वाटलं, लहानपणीची एखादी हृदयद्रावक गोष्ट निघेल. "घडायलाच हवं का गं?" त्या म्हणाल्या. "पाहुणा येणार असला आणि आपण घरी नसलो तर निरोप धाडतोच ना? तेवढंच आहे हे." मग पुढच्या माणसाकडे वळल्या.

पुढे वरून ठरलं की आमची शाखा बंद करून कल्याणच्या शाखेत मिळवायची. अशा वेळी ग्राहकांना दोन महिने आधी सूचना द्यावी लागते. पण ते पत्रच ठाण्याच्या कार्यालयात कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं आणि आमच्या हाती आलं तेव्हा बंदच्या तारखेला वीस दिवस उरले होते. बाईंनी त्याच दुपारी सूचना लावली. चार दिवसांनी ठाण्याहून साहेबांचा फोन आला: सूचना बंदच्या दोन महिने आधीच लावली होती, असं प्रमाणपत्र सही करून पाठवा. बाईंचंच बोलणं मला ऐकू येत होतं. "एक तारीखच आहे म्हणता, तर बंदची तारीख चाळीस दिवस पुढे ढकला ना साहेब. तीसुद्धा एक तारीखच आहे."

तारीख पुढे गेली नाही. बाईंना मात्र दुसऱ्या आठवड्यात ठाण्याला बोलावून घेतलं, काम नसलेल्या एका टेबलावर. शाखेचा चार्ज माझ्याकडे आला आणि त्याबरोबर बाईंनी सही न केलेलं ते प्रमाणपत्रही. मी सही केली. माझं कायम होणं बाकी होतं, फोनवर फोन येत होते, हे सगळं खरं. पण पेन माझ्याच हातात होतं. बाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वरच्या गावांहून कोण कोण येतं, त्यांची नावं सांगतेस?"

उरलेल्या दिवसांत ठाण्याला निघायच्या आधी सकाळी बाई चाळी पालथ्या घालायच्या. रविवारी विहारात सांगितलं, देवळात सांगितलं, मशिदीच्या दारात उभ्या राहून सांगितलं. टिटवाळा झालं, खडवली झालं. फक्त खडवलीच्या बाळारामबाबांच्या घराला कुलूप होतं. सगळं घर लेकीकडे शहापूरला गेलं होतं. बाईंनी शेजारणीकडे निरोप ठेवला. शेजारीण विसरली.

शाखा बंद झाली आणि त्याच संध्याकाळी पाटीही काढून नेली, बाहेरची सूचनाही. सोमवारी बाबा आले. शटर बंद, पाटी नाही. सुट्टी असेल म्हणून परत गेले. मंगळवारी आले, तेव्हा वाटलं आपण भलत्याच रस्त्याला लागलो, म्हणून दोन्ही गल्ल्या फिरले. बुधवारी समोरच्या दुकानात विचारलं. दुकानदार नवा, त्याला काय ठाऊक? तो म्हणाला, "इथे कुठली बँक, बाबा?" बाबा घरी गेले, पासबुक मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझं डोकं गेलं आता. पंधरा वर्षं जातोय ती जागा मला सापडत नाही." त्यानंतर त्यांनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही.

हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं, कल्याणच्या शाखेत. मी आता तिथे होते. तोवर त्यानेही वडिलांचं वय झालं असंच धरून टाकलं होतं. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रविवारी खडवलीला ये. सही तुझी आहे, तूच सांग."

बाबा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्यापुढे खालीच बसले आणि सगळं सांगितलं. "बाबा, तुमचं काही चुकलं नाही. बँकच बंद केली आम्ही. वेळेत सांगितलं नाही, आणि सांगितलं म्हणून मी खोटी सही केली." त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची पोर आहेस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेतेस. पण माझ्यासाठी खोटं नको बोलू गं बाय." मी बाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. परतताना त्यांनी गाडीत मला खिडकीजवळची जागा दिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्याच दिवसांत बाई निवृत्त झाल्या आणि दर महिन्याला खडवलीला जायला लागल्या. बाबांना सोबत घेऊन कल्याणच्या शाखेत यायच्या. मुलाबरोबर यायला बाबा तयार नसत, बाईंबरोबर येत. कल्याणला उतरलं की बाई मुद्दाम कोपऱ्यावर थांबायच्या आणि विचारायच्या, "बाबा, इथून कुठं वळायचं हो? माझ्या तर लक्षातच राहत नाही." बाबा आधी दोन्हीकडे बघायचे. मग हळूच हात वर करून दाखवायचे. बाई लगेच त्या बाजूला चालू लागायच्या, कधी कधी चुकीच्या बाजूलाही, आणि बाबांनाच मग थांबून म्हणावं लागायचं की थांबा, इकडून नाही. मी काउंटरमागून काचेतून त्यांना येताना बघायचे. असं वर्षभर चाललं.

मग बाई आजारी पडल्या. कल्याणच्या एका दवाखान्यात होत्या. मी गेले तेव्हा हातापायांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. म्हणाल्या, "परवा माझा खडवलीचा दिवस. आज जाऊन बाबांना सांगून ये. वाट बघत बसतील." मी म्हटलं, फोन करते ना मुलाला. "फोन नको. समोर जाऊन सांग."

मी गेले. म्हटलं, बाबा, बाई परवा येणार नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. त्यांनी या वेळी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. दवाखाना कुठला ते विचारलं, टोपी डोक्यावर ठेवली, सुनेकडून काठी मागून घेतली आणि निघाले. कल्याणला उतरल्यावर मी हात धरायला गेले तर तो त्यांनी सोडवून घेतला. पुढे ते, मागे मी. एका चौकात थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि बरोबर वळले.

बाईंनी डोळे उघडले आणि माझ्यावरच डाफरल्या, "अगं, एवढ्या उन्हाचं कशाला आणलंस ह्यांना?"

"मला कोणी नाही आणलं, बाई," बाबा म्हणाले. "मी आलोय."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि घळाघळा रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाबा तासभर बसले. उठले तेव्हा मी स्टेशनवर सोडायला निघाले, तर म्हणाले, "तू बस त्यांच्यापाशी. मला वाट ठाऊक आहे."

बाई चौथ्या दिवशी गेल्या.