तीनदा लिहिलेला अर्ज

बेळगावच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होतो. इंग्रजीचे सर दर शनिवारी दुपारी कच्च्या मुलांचं लेखन समोर बसवून तपासून द्यायचे. पुढं ते काम माझ्याकडं सोपवायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून बघून शिकायला मला मागच्या बाकावर बसवलेलं. खोलीत इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, ही सगळ्यांना अट. मी तर तोंडच उघडायचं नाही. तेवढ्यानंसुद्धा माझी छाती फुगली होती!

त्या शनिवारी जाताना फाटकापाशी पटका बांधलेला एक माणूस भेटला. निपाणीकडचा. भाच्याला न्यायला आलतो म्हणाला, बहिणीचं काही खरं नाही, तीनची मोटार गाठायचीय, भाचा रजा मागायला आत गेलाय. बरं बरं म्हणून मी पुढं झालो.

आत पहिल्या वर्षाचा एक मुलगा कागद घेऊन उभा होता. आई फार आजारी आहे, रजा मिळावी, असा अर्ज. वसतिगृह सरांच्याच ताब्यात, त्यांच्या सहीशिवाय गावी जाता येत नसे. पण रजेचा अर्ज हा सरावाचा ठरलेला धडा; त्या खोलीत दर शनिवारी कुणाची ना कुणाची आई आजारी पडायचीच. सरांना हाही सरावच वाटला.

सर वाईट नव्हते हो. लई मायेनं शिकवायचे. आजार कोणता ते लिही, म्हणाले. त्यानं लिहिलं. मग म्हणाले, रडगाणं जरा कमी कर. त्यानं पुन्हा लिहिलं. सारखा घड्याळाकडं बघत होता, पण इंग्रजीत बोलायला जीभ रेटेना. आणि बोलायचं तरी काय? सगळं कागदावर होतंच की.

मला दुसऱ्या खेपेलाच उमगलं होतं. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. सरांची मर्जी जाईल म्हणून गप्प बसलो. अक्कल शेण खायला गेलती माझी, दुसरं काय!

तिसरा कागद वाचून सर खूष झाले. आता कुणालाही खरं वाटेल, म्हणाले.

मुलानं कागद सहीसाठी पुढं केला. सरावाला सही कशाला, म्हणून सर हसले. तेव्हा तो मराठीत म्हणाला, "खरंच हाय, सर."

सरांनी झटकन पेन उघडलं. सही झाली, पण मोटार निघून गेलती.

पंधरा दिवसांनी त्यानं मला जिन्यात गाठलं. त्या शनिवारी आई दिवस मावळेपर्यंत त्याचं नाव घेत होती, म्हणाला. हे दोघं पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

"आण्णा," तो हळूच म्हणाला, "मामानं तुम्हाला फाटकाशी सांगितलं होतं. तुम्ही तर मागंच बसला होता न्हवं?"

"व्हय," म्हणालो.

पुढच्या शनिवारी सरांनी तपासायला आपली खुर्ची मला दिली. तो पुन्हा त्या खोलीत आला नाही.