ब्याण्णव किलोंवर बसवलेली गाडी

दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीत शिवराज बिरादारचं गॅरेज आहे. मोटरसायकलचं सस्पेन्शन चालवणाऱ्याच्या वजनाला जुळवून द्यायचं, यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. त्याचा नियम कडक. गिऱ्हाइकानं जाकीट, बूट, हेल्मेट घालून गाडीवर बसायचं, मग शिवराज उकिडवा बसून टेपनं गाडी किती दबली ते मोजणार. कोणी घाई केली की तो म्हणायचा, "नक्को. बसल्याबिगर गाडी देत नाही." या नियमाचा त्याला भारी तोरा होता.

रविवारी सकाळी नऊला सारंग स्कूटरवरून आला. चारच दिवसांपूर्वी मोठी गाडी घेऊन आला होता, सगळा जामानिमा करून तिच्यावर बसलाही होता.

"गाडी कुठंय?" शिवराजनं विचारलं.

"ताई घेऊन गेली ना, श्रीशैलमला. पहाटेच. एकदम सोलो!"

"ताई? चालवणार ती होती?"

"हौ भाऊ. मी बोललो होतो की, ताईची गाडी आहे."

बोलला होता खरंच. पण बायकोच्या, बहिणीच्या नावावर गाडी घेणारे शंभर जण शिवराजनं पाहिले होते. ताईची म्हणजे ताईच्या नावावरची, इतकं त्यानं मनातल्या मनात ठरवून टाकलं. एवढी थोरली गाडी बाईमाणूस चालवेल, हे शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

"वजन किती ताईंचं?"

"असेल पन्नासच्या आत."

शिवराजनं मनात हिशेब केला. ब्याण्णव किलोंच्या सारंगसाठी त्यानं मागची स्प्रिंग आवळली होती. त्या गाडीवर हलकं माणूस बसलं की ती दबतच नाही. वळणावर खड्डा आला की मागचं चाक रस्ता सोडतं. आणि श्रीशैलमच्या वाटेवर तर नल्लमलाचा घाट.

सारंगनं सात वेळा फोन लावला. घंटी वाजत होती, उचलत कोणी नव्हतं. आठव्यांदा घंटीही वाजेना. घाटातल्या जंगलात रेंज नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बोललं कोणी नाही. शिवराजनं पान्यांची पिशवी उचलली, शटर ओढलं, सारंगला आपल्या मोटरसायकलवर मागे घेतलं आणि श्रीशैलमचा रस्ता धरला. समोरून अँब्युलन्स आली की तो वळून तिच्याकडे बघायचा. आपल्या हातानं एक बाई मेली तर, या एका विचारानं त्याला पुढचं काही दिसेना.

वाटेतलं कडताल ओलांडलं तेव्हा सारंगच्या मोबाइलवर ताईचा फोन आला. सारंगनं तो शिवराजच्या कानाला लावला.

"ताई, मी गॅरेजवाला शिवराज. कुठं आहात? लागलं तर नाही ना?"

"मन्ननूरच्या नाक्यावर," ताईचा, म्हणजे अपर्णाचा, आवाज बसलेला होता. "घाटातून परत फिरले. मागचं चाक दोनदा सरकलं, दरीच्या बाजूला. गाडी सारखी उडवतेय. सारंगला सांगा, गाडीला गिऱ्हाईक बघ म्हणावं. मला नाही जमत हे. सगळे सांगत होते, मीच ऐकलं नाही."

शिवराजनं गाडी कडेला घेतली. बोललो नाही तर आपण सुटतो, हे त्याला लख्ख दिसलं. गाडी विकली गेली की चूक कोणाला कळणारही नाही. त्याला स्वतःचीच किळस आली.

"ताई, तुम्हाला चांगलं जमतं. तसल्या गाडीवर घाटातून धड परत आलात! गाडी मी सारंगच्या वजनाला बसवली. चालवणार कोण, हे विचारलंच नाही मी. गाडी मोठी, म्हणून बाप्याचीच धरली."



"पाच महिने झाले गाडी घेऊन," ती म्हणाली. "दुकानदारानंही सगळं सारंगलाच समजावलं. मी शेजारी उभी होते."

शिवराजची मान खाली गेली.

"तिथंच थांबा. मी येतोय, पाने घेऊन. तुम्ही बसायचं, मी मोजणार."

"आणि मग?"

"मग घाट तुमचा. परत फिरायचं का, ते तुम्ही ठरवा."

"सारंगला सोबत आणू नका," अपर्णा म्हणाली.

फोन धरून सगळं ऐकणारा सारंग गुपचूप खाली उतरला आणि बस थांब्याकडे चालू लागला.