पणदऱ्यातलं दुसरं झाड

स्वारगेटहून बारामतीची गाडी सुटली तेव्हाच मी चिडलेली होते. नानांनी, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाने, सकाळीच घरच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो टाकला होता. 'गं. भा. हौसाबाई यांचे प्रथम पुण्यस्मरण.' खाली 'त्यागमूर्ती', 'वात्सल्यसिंधू', 'आदर्श माता'. वर पुढाऱ्यांचे चेहरे ओळीने, आणि डाव्या कोपऱ्यात आजी. तिचा रंग संगणकावर उजळ केला होता. माझी आजी चांगली काळीसावळी होती, आणि तिला कुणी तोंडावर त्यागमूर्ती म्हटलं असतं तर तिने हातातलं खुरपं त्याच्या दिशेने भिरकावलं असतं.

पप्पा-मम्मी दुसऱ्या दिवशी कारने येणार होते. काकीला, म्हणजे नानांच्या बायकोला, स्वयंपाकात मदत करते, असं सांगून मी आधी निघाले. खरं म्हणजे मला माणसं जमायच्या आधी ते घर बघायचं होतं.

मोरगाव मागे पडलं की जिरायती रानं (पावसावर पिकणारी) लागतात. कऱ्हाटीच्या आसपास गुडघाभर बाजरी उभी होती, मध्ये मध्ये उघडी जमीन, एखादं बाभळीचं झाड. बारामती सोडून नीरेच्या रस्त्याला लागलं की कालव्याचं पाणी येतं आणि दोन्ही बाजूंना ऊस चालू होतो. लहानपणी आजी इथे मला उठवायची. "ऊठ, आलं आपलं हिरवं," म्हणायची.

पणदऱ्याला उतरले तर आभाळ भरलेलं होतं, उकडत होतं. स्टॉपवरच्या चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाले तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"कुणाची गं तू?"

मी पप्पांचं नाव सांगितलं.

"म्हंजी हौसाबाईची नात. तुझा बाप पुण्याला शिकायला व्हता तवा रोज सकाळच्या गाडीला डबा द्यायची. मीच वर चढवायचो. डबा दिला तरी गाडी सुटंस्तवर हलायची न्हाय. डायवरला म्हणायची, सांडलास तर उद्या हितं गाडी उभी करून दाखव."

"मग काय म्हणायचा तो?"

"काय म्हणतोय? त्यालाबी भाकरी बांधून आणायची की." त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. "उद्या येतो म्हणावं जेवायला."

पप्पांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते हॉस्टेलच्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा मेहनत त्यांची असते, दिवा त्यांचा असतो. डबा कुठून यायचा, ते त्या गोष्टीत नसतं.

घर वस्तीवर आहे, चारी बाजूंनी ऊस. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव उभा राहत होता आणि मांडवाच्या कडेला आजीचं झाड होतं.

त्या झाडाबद्दल सांगायला हवं. आजी गेल्या श्रावणात गेली. आमच्याकडे आता बरेच लोक राख नदीत सोडत नाहीत. रानात खड्डा घेतात, राख त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. नानांनी तसंच केलं. फोटो गावभर फिरला, कौतुक झालं. रोप मात्र आत्याने आणलं होतं, निरवांगीहून, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात.

निरवांगी हे आजीचं माहेर. आत्याला तिने आपल्याच भावाच्या घरात दिली, त्यामुळे आईचं माहेर आणि लेकीचं सासर एकच. तिथे विहिरीजवळ एक जुना आंबा आहे, शोप्या (बडीशेपेच्या वासाचा). दर उन्हाळ्यात आजी तिथे काही दिवस जायची. एकटी, एसटीने, खिडकीजवळ बसून. झाडाखाली बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबे खायची आणि कुणाला पाणीसुद्धा द्यायला उठायची नाही. वर्षभर पहाटे गाई पिळणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी, मला गोवर आला तेव्हा पुण्याला येऊन आमच्या फरशीवर महिनाभर झोपणारी ही बाई तेवढ्या दिवसांत कुणाची आई नसायची, कुणाची आजी नसायची.

शेवटच्या उन्हाळ्यात काकीचं ऑपरेशन निघालं. गाई कोण पिळणार? नाना म्हणाले, "पुढच्या वर्षी जा की. आंबा काय पळून जातोय?" आजी गेली नाही. आंबा पळून गेला नाही, हे खरं आहे. म्हणून आत्याने झाडच इकडे आणलं.

गेल्या वर्षीच्या फोटोत ते वीतभर होतं, तांबूस पानांचं. आता माझ्या खांद्याला लागत होतं, गर्द हिरवं, भरलेलं. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग गोठ्यामागे हात धुवायला गेले तर तिथे नर्सरीची काळी पिशवी पडली होती. माती अजून ओली होती.

काकी शेणाची पाटी घेऊन आली.

"काकी, झाड एवढं कसं वाढलं?"

"वाढलं न्हाय. आणलं. परवा, नर्सरीतनं. केशर आंबा हाय."

"आणि आधीचं?"

"उन्हाळ्यात वाळलं." पाटी कमरेवर तशीच होती. "मलाच सांगितलं व्हतं पाणी घाल म्हणून. सासूबाईंच्या गाई माझ्याकडं, रांधणं माझ्याकडं, आल्यागेल्याचं माझ्याकडं. मंग झाडबी माझ्याकडंच. एक दिस ऱ्हायलं, दोन दिस ऱ्हायलं, गेलं." तिने पाटी खाली ठेवली. "आत्याला बोलू नगं. तुझ्या नानांनी सांगितलंय, कुणी काय बोलायचं न्हाय."

झाडापासून चार पावलांवर ऊस होता. त्याच्या प्रत्येक सरीत ठिबकची काळी नळी होती आणि नळीखालची माती ओली होती. मी ते पाहिलं आणि आत जाऊन लसूण सोलत बसले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. आधी आईच्या फोटोला नमस्कार केला, मग झाडापाशी गेली. एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मग पान कमरेला खोचलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बायकांत येऊन बसली.

कीर्तन मोठं झालं. दुपारी फुलं उधळायची वेळ जवळ आली तेव्हा महाराज म्हणाले, "या माउलीनं आयुष्यात कधी काही मागितलं न्हाय. आन् लेकरांनी काय केलं? आईला झाड करून दारात ठिवली." लोकांनी माना डोलावल्या. पप्पांनी डोळे पुसले. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. तिने मागितलं होतं. निरवांगीला जाऊ द्या, एवढंच मागितलं होतं.

मग पंगती बसल्या. बुंदी, वांग्याची भाजी, आमटी-भात. तात्या आले, पोटभर जेवले, "आमटी हौसाबाईवाणी न्हाय," असं काकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून गेले. पाहुण्यांना झाडाभोवती उभं करून नानांनी मला हाक मारली.

"सई, तुझा फोन चांगला हाय. काढ फोटो. अन् खाली इंग्लिशमधी चार ओळी लिही. तू आमची कॉन्व्हेंटवाली."

मी चारचौघांत बोलत नाही. शाळेत हजेरी देतानाही माझा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही. आताही तो फार मोठा नव्हता.

"नाना, हे ते झाड नाही."

पुढच्या दोघांनी ऐकलं असावं. नाना हसले. "अगं, झाड ते झाड. काढ."

"मी नाही काढणार."

पप्पा जवळ आले आणि हळू म्हणाले, "सई, नंतर बोलू." कुणीतरी दुसऱ्याने फोटो काढला. नंतर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी पप्पा-मम्मी पुण्याला निघाले, तेव्हा मी आत्याबरोबर निरवांगीला जाते असं सांगितलं.

गाडीने वालचंदनगर मागे टाकलं. मग आत्याने कमरेचं पान काढून माझ्या हातात दिलं. "हुंग."

त्याला कसलाच वास नव्हता.

"आत्या, तू तिथे का नाही बोललीस?"

"काय बोलू? आई गेली. आता माहेर म्हंजी भाऊ. झाडापायी दार लावून घिऊ व्हय?"

मला तिचा राग आला, आणि तिच्यापेक्षा त्या दाराचा आला.

निरवांगीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आत्याने शेंगोळं केलं (हुलग्याच्या पिठाची कडबोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली). मी इतकं तिखट खात नाही. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं. आत्या म्हणाली, "आई असती तर म्हणली असती, पुण्याची मेणबत्ती वितळाय लागली."

सकाळी विहिरीवर गेलो. झाड अवाढव्य आहे, खोड दोघींच्या कवेत येत नाही. खाली पडून गेलेल्या आंब्यांच्या कोयींतून कितीतरी रोपं उगवली होती, तांबूस पानांची, मऊ. मी एक पान चुरगळलं. बडीशेप. मी वाकून माती उकरायला लागले.

"नेऊन काय करणार? फ्लॅटात?"

"पणदऱ्याला."

"सई, नाना चिडंल."

"चिडू दे. तुला ठाऊक नव्हतं म्हणून सांग. माझं माहेर नाही ते, माझं कुठलंच दार बंद होत नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं, घरात गेली आणि रंगाचा रिकामा डबा घेऊन आली.

इंदापूरला गेले असते तर पुण्याची थेट गाडी होती. मी उलट बारामतीकडे फिरले. डबा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला. "झाडाचं काय करायचं?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "झाडबी बाईमाणूसच हाय. बायकांचं अर्धं फाड."

"आधार कार्ड दाखवा मंग."

पुढच्या वळणावर डबा कलंडला, निम्मी माती माझ्या ओढणीत सांडली. म्हातारीने ती मूठमूठ करून परत भरली आणि कुठे चाललंय झाड म्हणून विचारलं. मी आजीचं नाव सांगितलं. तिने उतरेपर्यंत डब्याला हात लावून धरला.

वस्तीवर नाना नव्हते. मांडव सोडून नेला होता, पत्रावळींचा ढीग तसाच होता. मी काकीकडे कुदळ मागितली. ती कुदळ घेऊन आली आणि स्वतःच खणायला लागली. केशर आम्ही मुळासकट अलगद काढला आणि बांधावर लावला. त्याचा काही दोष नव्हता. शोप्याचं रोप खड्ड्यात बसवलं.

"आन् पाणी?" काकी म्हणाली. "मला सांगू नगं. आत्ताच सांगती."

"तुला नाही सांगत."

मी उसाच्या पहिल्या सरीतल्या नळीकडे बोट दाखवलं. काकी शेडमधून जुन्या नळीचा तुकडा आणि तीन तोंडांचा जोड घेऊन आली. तिनेच विळ्याने उसाची नळी कापली, जोड दाबून बसवला आणि तुकड्याचं दुसरं टोक दुमडून रोपाच्या बुडाशी ठेवलं. हे सगळं करताना ती पहिल्यांदाच हसली.

तेवढ्यात नाना मोटारसायकलवरून आले. त्यांनी रोप पाहिलं, मग नळी पाहिली.

"कुणी केलं हे?"

"मी."

काकीच्या हातात विळा होता, पण नाना माझ्याकडेच बघत होते.

"लोकांना काय सांगू? फोटो गेल्यात सगळीकडं."

"वाळलं होतं म्हणून सांगा."

ते गाडीवर तसेच बसून राहिले. "मी काय मुद्दाम वाळीवलं व्हय गं? माझीबी आईच व्हती."

ते खरं होतं. त्यांचा आवाज फुटला होता, आणि तरी माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. आई सगळ्यांचीच होती. तिच्यासाठी कीर्तन होतं, मांडव होता, फ्लेक्स होता. फक्त तांब्याभर पाणी दुसऱ्या कुणा बाईने घालायचं होतं.

"नळी काढू नका," मी म्हणाले. नानांनी मोटारसायकल गोठ्याकडे वळवली.

पुण्याला परतताना पुन्हा कऱ्हाटीची बाजरी लागली. ओढणीला माती होती, नखांत माती होती. मायेने माणसं जगतात असं मला शाळेत, घरात, कालच्या मांडवात सांगितलं गेलं. त्या वस्तीवर मायेवर सोडलेलं झाड वाळलं आणि ऊस जगला, कारण उसाला पाणी द्यायची आठवण कुणाला ठेवावी लागत नाही. आजीला तशी एक नळी कुणी जोडली असती, वर्षातून एकदा कुणी न विचारता निरवांगीच्या गाडीत बसवलं असतं, तर तिला त्यागमूर्ती म्हणायची वेळच आली नसती.

सासवडजवळ फोन वाजला. काकी मला कधी फोन करत नाही. मागे पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"उसाला पाणी सोडलंय," ती म्हणाली. "त्यांनीच सोडलं. नळी न्हाय काढली. सासूबाईंनाबी पाणी चाललंय."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. गाई पिळायची वेळ झाली होती.