तारा सुटलेल्या होत्या

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. रिकाम्या खोलीत आपोआप दिवा लागला म्हणे... अहो, आधी वायरिंग तपासा! माझा भरवसा मल्टिमीटरवर. त्यात आकडा आला तर वीज आहे, नाही आला तर नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय.

पडेगावला आमचं यूपीएस बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. सर्किट आमच्या ह्यांचं. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग आणि सगळी जोडणी माझी. गिऱ्हाईक मात्र मला ओलांडून आत बघत विचारणार, "साहेब कुठायत?" मी सांगायची, साहेब चहा करतायत, तुम्ही बोला.

कन्नडच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबला आमचा मोठा यूपीएस होता. दसरा झाला आणि लगेच तिथं भरतीची ऑनलाइन परीक्षा आली. पेपर संपेपर्यंत यूपीएसवाल्यांचं माणूस हजर हवं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून मी गेले.

गेटवर एक मुलगी तान्हं बाळ नवऱ्याकडे देत होती. संगीता, फर्दापूरजवळच्या गावची. माझ्या हातातली टूलबॅग बघून म्हणाली, "ताई, माझं वय संपायलंय, हा शेवटचाच चान्स हाय. मागच्या टायमाला लाइट गेली अन् पेपरच रद्द झाला. आज नाय ना जाणार?"

"लाइट जाईल," मी म्हटलं, "कॉम्प्युटर नाही जाणार. तो यूपीएस मी जोडलाय."

असल्या तोऱ्यात सांगितलं की ती हसली आणि आत गेली.

लॅब सांभाळणाऱ्या देशमुख सरांकडे मी यूपीएसच्या खोलीची किल्ली मागितली. ते म्हणाले, "वहिनी, आता पेपर सुरू होईपर्यंत काहीच उघडू देत नाहीत. सगळं चकाचक हाय, मीच पुसलंय." मीही निर्धास्तपणे व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

पेपर अर्ध्यावर आला आणि डोक्यावरचा पंखा थांबला. लाइट गेली. कॉलेजचा माणूस जनरेटरकडे धावला, पण जनरेटर नुसताच खोकत राहिला. मी हॉलच्या खिडकीतून डोकावले. सगळे स्क्रीन चालू, एकानंही मान वर केलेली नाही! माझी छाती अशी फुगली म्हणता... देशमुख सरांना म्हटलं, चला, आमचं यंत्र काम करताना बघा तरी. त्यांनी खोली उघडली.

बॅटऱ्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. आणि बॅटऱ्यांपासून यूपीएसला जाणाऱ्या दोन्ही जाड तारा सोडवून, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेल्या.

"सर, ह्या कुणी काढल्या?"

"मीच. खंडेनवमीला यंत्राला इसावा द्यावा लागतो ना. परत लावायच्या राहिल्याच की. ते टुंईटुंई करायलं होतं, तर आवाजबी बंद केला." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी... मग हे चालू कशावर हाय?"

मेनची वीज नाही, बॅटरी नाही. आतले कपॅसिटर फार तर पापणी लवेपर्यंत तग धरतात. इथं तर चहा उकळून, गाळून, पिऊनही झाला असता. मल्टिमीटर लावला. येणाऱ्या बाजूला शून्य. जाणाऱ्या बाजूला पूर्ण व्होल्टेज, जरासुद्धा न हलणारं.

तारा जोडायला जावं तर ठिणगी पडून सगळंच बंद व्हायची भीती. मी नुसता यूपीएसच्या पत्र्यावर तळवा टेकवून उभी राहिले. घाबरले होते, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. आपलं पोर स्टेजवर न अडखळता भाषण करत असलं की आई श्वास धरून बसते ना, तसं काहीतरी.

शेवटी जनरेटर धडधडला, येणाऱ्या बाजूला आकडा आला... आणि मी पत्र्यावरचा तळवा उचलला.

पेपर सुटल्यावर संगीता आधी बाळाकडे पळाली, मग माझ्याकडे आली. "लाइट गेली, पण कॉम्प्युटर नाय गेला की, ताई," म्हणाली. मी बरं म्हटलं. ती आता सरकारी नोकरीत आहे, आणि त्या दिवशी काय झालं ते तिला आजही माहीत नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मी आणि देशमुख सरांनी तारा तशाच सुट्या ठेवून मेन स्विच पाडला. यूपीएस त्याच क्षणी बंद. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा बंद. कारण मला तेव्हा सापडलं नाही आणि अजूनही सापडलेलं नाही. तुमच्यात कुणी इलेक्ट्रिकलवाले असतील तर त्यांनी खुशाल डोकं लावावं.

ह्यांना आधी वाटलं, माझ्याच बघण्यात चूक झाली असणार. त्यांनी ते यंत्र वर्कशॉपला आणून पार उघडलं, एकेक पार्ट तपासला, देशमुख सरांना फोन करून उलटतपासणीही घेतली. शेवटी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "अगं, सर्किट माझं आहे. त्यात असं काहीही नाही." मग त्या उघड्या यंत्राकडे बघत म्हणाले, "बाकी सगळं तुझ्या हातचं आहे."