फूल पडंना, नळी निघंना

"त्या कागदावर आंगठा देऊ नगंस म्हटलं ना."

"आवं, आंगठा माझा, नळी माझी. तुमचं काय जातंय?"

"बिरोबाचं फूल पडल्याबिगर न्हाई."

सांगलीच्या दवाखान्यात, खाटेच्या दोन बाजूंना बसून रंगुबाई आणि तिचा नवरा बिराप्पा सकाळपासून भांडत होते. शेजारच्या खाटेवरची बाई पोहे खात फुकटचा तमाशा बघत होती.

"देवळात बसल्यालं गुंडाभावजी फोनवर काय म्हणत्यात?"

"मूर्तीला फुलं चिकटवून कौल लावलाय म्हणतोय. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. कंचंच पडंना."

"म्हंजी देवालाबी कळंना."

दोन वर्षांपूर्वी रंगुबाईच्या किडन्या बसल्या, तेव्हा डायलिसिससाठी छातीतून मानेच्या शिरेत नळी घातली होती. आता डायलिसिसची सुई टोचायला हाताची शीर तयार झाली, नळीचं काम सरलं. पण काल काढायला गेले, तर नळी जागची हलली नाही. आत शिरेला चिकटली होती. त्यात त्या नळीपायीच चार दिवस हुडहुडी भरून ताप. परवापर्यंत डॉक्टर जी नळी जिवापाड जपा म्हणत होते, तीच आज वैरीण कशी झाली, हे रंगुबाईला उमगत नव्हतं.

डॉक्टर शिवांजली संमतीचा कागद घेऊन आल्या. "मावशी, नळीच्या आत बारीक फुगा घालायचा. पडद्यावर बघत हळूहळू फुगवायचा. नळी आतून ताणली की शिरेपासून सुटते, मग फुगा उतरवून ती काढायची. छाती उघडायला नको."

"फुगवल्यावर आनखी घट्ट बसंल की," बिराप्पा म्हणाला.

रंगुबाईच्याही मनात तेच होतं. "आन न्हाई काढली तर?"

"हा ताप काळजापर्यंत जाईल."

रंगुबाईचा जन्म मेंढरांमागं गेला, जतच्या माळापासून कृष्णाकाठापर्यंत. मेंढी विताना अडली की तळावर तिलाच हाक यायची. नवखा गडी कोकराचा पाय धरून ओढायला लागला की ती त्याच्या हातावर चापट द्यायची, "ओढू नगं रं, आदी जागा कर." मग तेलाची बोटं आत घालून कडंकडंनं फिरवायची. डॉक्टरीणबाईचं बोलणं तसलंच वाटत होतं. पण इथं आपण मेंढी का कोकरू, तेच तिला कळेना.

"तुमी अशा किती काढल्यात?"

"चार वेळा केलं. तीन निघाल्या."

"आन चौथी?"

"नाही निघाली. नळीचं तोंड बंद करून ती आतच ठेवावी लागली."

खरं ऐकून बरं वाटलं की भ्या वाढलं, तेही तिला ठरवता येईना. तिनं कागद पुढं ओढला. मग शाईत अंगठा बुडवून तिनं तो कागदावर दाबला.

"रंगू, मागनं डावं फूल पडलं तर गं?" बिराप्पानं विचारलं.

रंगुबाईनं काळा अंगठा पदराला पुसला, खाटेखालच्या चपला पायानंच चाचपल्या आणि ती डॉक्टरांच्या मागनं दाराबाहेर गेली.