आक्काचं दूध आणि ‘पास’चा रकाना

बेळगावच्या ऑफिसात मला चुका शोधायचा पगार मिळतो, फक्त त्या सापडलेल्या कुणाला आवडत नाहीत. मी सॉफ्टवेअर तपासते. एकेक बटण दाबायचं, काय व्हायला हवं होतं ते एका रकान्यात, काय झालं ते शेजारच्या रकान्यात, आणि शेवटी ‘पास’ किंवा ‘फेल’. ‘फेल’ दिसलं की आमचे साहेब घरात कुणी आजारी पडल्यासारखा चेहरा करतात. “फेल नको, निरीक्षण म्हण,” ही त्यांची शिकवण. अॅप उघडता उघडता बंद पडलं तरी ते निरीक्षणच.

मध्यंतरी कर्नाटकातल्या एका दूध डेअरीचं अॅप आमच्याकडं आलं. सभासदानं केंद्रावर आपल्या फोनवर बटण दाबायचं, मगच त्याचं दूध घ्यायचं. ऑफिसात सगळं झकास चाललं. साहेब खुर्चीत बसून बटण दाबायचे आणि नसलेलं दूध जमा व्हायचं.

सुट्टीला मी निपाणीपलीकडं गावी गेले. आमचं गाव अगदी हद्दीवर. पुढच्या दारात फोन कर्नाटकाचा टॉवर धरतो, परसात गेलं की महाराष्ट्राचा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण अॅप टॉवर बघून राज्य ठरवत होतं. त्याच डेअरीच्या गावातल्या केंद्रात उभी राहून मी बटण दाबलं, तर फोननं महाराष्ट्राचा टॉवर धरला आणि उत्तर आलं, ‘ही सोय फक्त कर्नाटकातल्या सभासदांसाठी आहे.’ ज्या प्रश्नावर दोन राज्यं अजून भांडतायत, तो आमच्या अॅपनं पत्र्याच्या शेडमध्ये निकालात काढला होता.

माझी थोरली बहीण, आक्का, शेजारीच किटली घेऊन उभी होती. तिचं घर दोन म्हशींवर चालतं.

“म्हंजे माझं दूध घेनार न्हाईत व्हय गं?”

“सुरू व्हायच्या आधी दुरुस्त करतील,” मी म्हणाले.

सोमवारी मी ठळक ‘फेल’ लिहिलं. साहेबांनी जागेवरच बटण दाबून बघितलं. “इथं चालतंय की गं.” गावाला चला म्हटलं, तर म्हणाले, एका बटणासाठी निपाणीला कोण जातं? सीमाप्रश्न ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस, पण सीमा ऑफिसातच सापडली पाहिजे असा त्याचा हट्ट. नोंद बंद झाली, ‘पुन्हा घडवता आली नाही’ असा शेरा मारून.

अॅप सुरू झालं त्याच सकाळी आक्काचा फोन आला. “परत पाठवलं बग. केंद्रावरचा म्हनतो, तुजा फोनच न्हाय म्हनतोय तर मी काय करू. लिही तुज्या त्या कागदात.”

मी लिहिलं. अपेक्षित निकाल: आक्काचं दूध घेतलं जावं. प्रत्यक्ष निकाल: आक्का भरली किटली घेऊन घरी गेली. साहेब वाचून वैतागले. “दूध, आक्का, हे काय? जरा टेक्निकल लिही.” मला इतका संताप आला की जेवणाचा डबा तसाच परत नेला.

मग त्यांनी उपाय काढला. अॅप तसंच ठेवून मदतीच्या पानावर एक ओळ घातली, ‘अडचण आल्यास केंद्राबाहेर मोकळ्या जागेत उभे राहावे.’ ऑफिससमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहून तपासणी झाली आणि सगळा तक्ता हिरवा झाला.

आता आक्का किटली रांगेत ठेवून फोन उंच धरत रस्त्यापर्यंत येते. कर्नाटक लागलं की बटण दाबून आत पळते. ज्या दिवशी लागत नाही, त्या दिवशी दूध घरी परत येतं. आमच्या तक्त्यात त्या दिवसाचीही नोंद ‘पास’ आहे.