कपाळावरचे मार्क

काल दुपारी माझे सासरे गेले आणि मला अजून रडू आलेलं नाही.

कांजूरमार्गचं घर माणसांनी भरलंय. मी सगळ्यांना चहा विचारतेय. हात चालतात, आत काही हलत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण त्यांना 'मार्कवाले अप्पा' म्हणून ओळखतात. ते नाव कसं पडलं, ते आज लिहिते.

आमची जाई जन्मली तेव्हा हृदयातून निघणाऱ्या तिच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडलेल्या होत्या. नाळ पडायच्या आत ऑपरेशन झालं, मुलुंडला.

आयसीयूत तिच्या कपाळावर एक स्टिकर होता. त्याची वायर मॉनिटरला. स्क्रीनवर आकडा.

डॉक्टर म्हणाल्या, "मेंदूला ऑक्सिजन किती मिळतोय, ते यावरून कळतं. ऑपरेशन चालू असताना थोडा वेळ खाली गेला होता. आम्ही वर आणला."

"मग मेंदूला काही...?"

"ती मोठी होईल तसं कळेल."

बस. एवढंच.

अप्पांनी काचेतून आकडा वाचला. बासष्ट.

"साठाच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास. चेडू पास आसा गो, रडा नको." मालवणीत चेडू म्हणजे मुलगी.

दुसऱ्या दिवशी आकडा घसरला. नर्स धावल्या. अप्पा आपले शांत.

"पस्तिसाक पास ना? मगे?"

डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. "आजोबा, इथे पस्तीसला पास नाही."

तेव्हा जे खुर्चीत बसले, ते आकडा पुन्हा साठावर जाईपर्यंत उठले नाहीत. चहाला पण नाही म्हणाले.

नंतर जाईचं सगळंच उशिरा. मान उशिरा, चालणं उशिरा, बोलणं तर नाहीच. नातेवाईक आपापल्या नातवंडांचे व्हिडिओ पाठवायचे. मी फोन पालथा ठेवायचे.

अप्पा तिला रिक्षाने घाटकोपरला स्पीच थेरपीला न्यायचे. घरी आले की प्रत्येक गोष्टीला मार्क मागायचे.

"कालवणाक किती गो? पेजेक किती?"

ती नुसती बघायची. कितीतरी महिने.

मग एकदा पेजेची वाटी सरकवून म्हणाली, "नापास."

तिचा पहिला शब्द. पेज मी केली होती. मी ढसाढसा रडले आणि हा माणूस सोसायटीभर पेढे वाटत फिरला. नात काय बोलली, ते सगळ्यांना अभिमानाने सांगत.

आता ती पहिलीत आहे. अजून एका-दोन शब्दांत भागवते.

"येक दिवस अख्खा वाक्य बोलतला," अप्पा म्हणायचे. "माका ता ऐकूचा आसा."

अप्पांना न्यूमोनिया झाला. काल त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप होती आणि स्क्रीनवरचा आकडा साठाच्या खाली उतरत होता. डॉक्टर म्हणाले, नातीला भेटवून घ्या. म्हणून जाईला वॉर्डात आणलं.

तिने आधी अप्पांकडे बघितलंच नाही. स्क्रीनकडे बघत राहिली. आकडे तिला छान वाचता येतात.

"आई, अप्पांचा फर्स्ट क्लास गेला."

अख्खं वाक्य. न अडखळता.

अप्पांचे डोळे मिटलेले होते. मी नर्सना विचारलं, त्यांना ऐकू येत असेल का? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. म्हणून इथे लिहिते.

अप्पा, भावपूर्ण निरोप.

चेडू पास आसा.